सहा वेळा उठणारी दीदी

काल रात्री तुम्ही कोणाच्या परवानगीनं झोपलात?

हसण्यावारी नेऊ नका. अंथरूण तुमचं, डोळे तुमचे. पण ते डोळे सकाळी किती वाजता उघडायचे हे तुम्ही ठरवलं नव्हतं. कंपनीनं ठरवलं, शाळेच्या बसनं ठरवलं, नळाला पाणी येण्याच्या वेळेनं ठरवलं. या बाबतीत कोणाचंही न ऐकणारी एकच बाई मी आजवर पाहिली. तिनं झोपेचंसुद्धा ऐकलं नाही.

रायपूरच्या शंकर नगरला आमच्या गच्चीवर एक खोली आहे. त्या खोलीत ती राहायची. वय सव्वीस, अंगानं काडी, वेणी इतकी घट्ट की भुवया कायम वर ओढलेल्या. त्यामुळे ती सदैव कशाचं तरी नवल करते आहे असं वाटायचं. मी तिला दीदी म्हणायचे. गल्लीनं पुढे तिला जी नावं ठेवली, त्यातलं सर्वांत सभ्य नाव 'झपकी दीदी' हे होतं.

पंडरीच्या कापडबाजारात एका साड्यांच्या दुकानात ती सकाळी अकरा ते रात्री आठ उभी असायची. उरलेल्या वेळात गणितात एम.एस्सी. करत होती. सगळे पेपर सुटले होते, एक अडला होता: ॲनालिसिस. दोनदा दिला, दोनदा गेला. डिग्री पुरी करायला जितकी वर्षं मिळतात ती संपत आली होती आणि येत्या उन्हाळ्यातली परीक्षा ही शेवटची संधी होती. हा पेपर गेला की आधीचे सगळे पासही त्याच्याबरोबर बुडाले. तिला शाळेत गणित शिकवायचं होतं. दुसरं काहीच करायचं नव्हतं. साड्या तर अजिबात दाखवायच्या नव्हत्या.

परीक्षेला दोन महिने राहिले तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालताना तिनं मला विचारलं, "माणूस झोपते किती वं?"

"आठ तास."

"सलग?"

"मग काय हप्त्याहप्त्यानं?"

"तेच तर," ती म्हणाली. "दर चार तासांनी वीस मिनिटं झोपायचं. दिवसातून सहा डाव. सहा वीसा किती?"

"एकशेवीस."

"म्हणजे दोन तास. राहिले बावीस. पाह्यलं? सहा तास सापडले न. इतके दिवस गादीखाली पडून होते."

हे सगळं ती नेहमीच्या हळू आवाजात बोलली. तिचा आवाज हळू असण्याला कारण होतं. तिचं घर बीरगांवला, एका खोलीचं. वडील उरला या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम करायचे. एक आठवडा ते सकाळी झोपायचे, एक आठवडा दुपारी, एक आठवडा रात्री. घरात कोणत्याही वेळी कोणीतरी झोपलेलं असायचंच, म्हणून ती पाढेसुद्धा ओठ न हलवता शिकली. दुकानात तिचं बोलणं ऐकायला गिऱ्हाईक पुढे वाकायचं. पुढे वाकलेलं गिऱ्हाईक साडी घेतल्याशिवाय उठत नाही, असं तिथल्या बायकांचं मत होतं.

"मालकाच्या सोयीनं माह्ये बाबा दर हप्त्याले झोप फिरवतात," ती म्हणाली, "मग स्वतःच्या सोयीनं मी काहून नाही फिरवायची?"

या वाक्यावर मी तिची झाले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि माझं भरणपोषण पत्रकांवर झालं होतं. बाबा रेल्वेत होते, युनियनचं काम करायचे. आमच्या कपाटाच्या फळ्यांवर वर्तमानपत्र नसायचं, उरलेली पत्रकं अंथरलेली असायची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'कामगार बंधूंनो' या दोन शब्दांवर. मला गच्चीवर कपड्यांच्या दोरीमागे साक्षात बंड उभं दिसलं.

दोन, सहा, दहा. पुन्हा दोन, सहा, दहा. हे तिचं वेळापत्रक. मोबाइलच्या गजरानं पहिल्याच रात्री शेजारची दोन घरं जागी झाली, पण ती जागी झाली नाही. म्हणून तिला उठवायचं काम माझ्याकडे आलं. तिच्या उशाशी पाण्याची वाटी असायची. वीस मिनिटं झाली की मी तिच्या हाताचा अंगठा ओढायचा. तिनं डोळे न उघडता दोन बोटं वाटीत बुडवून पापण्यांना लावायची. मग उठून बसायचं आणि "चल, पुढचं" म्हणायचं. पापण्यांना पाणी लागल्याशिवाय झोप सुटली असं ती मानतच नसे.

दिवसाच्या डुलक्यांची सोय तिची तिनं केली. दुपारी दोनची आणि संध्याकाळी सहाची दुकानात, साड्यांच्या खोक्यांमागे. सकाळी दहाची देवळात. देवळाचा शोध तिला फार आवडला होता. "अख्ख्या रायपुरात ही एकच जागा आहे," ती म्हणायची, "जिथं डोळे मिटून बसलेल्या पोट्टीले कोणी 'काय झालं' म्हणून विचारत नाही." पंधरा दिवसांत तिची ख्याती पसरली. एक म्हातारी रोज तिच्यासमोर येऊन बसायची. शेवटी त्या बाईनं तिचे पाय धरले आणि ध्यान शिकवा म्हणाली. दीदी गोंधळली. पण खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"आजी, मी झोपते."

"हव बेटी," म्हातारी म्हणाली, "बड़े लोग ऐसा ही बोलते हैं."

दुसऱ्या दिवशी म्हातारीनं आपल्याबरोबर आणखी दोघींना आणलं. तिघी जणी दीदीसमोर रांगेत बसून घोरल्या. इतकी शांती आयुष्यात मिळाली नव्हती म्हणाल्या.

मीही त्या प्रयोगात उडी घेतली. पाच दिवस टिकले. तिसऱ्या दिवशी कॉलेजात दोन वेगवेगळ्या चपला घालून गेले. चौथ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी "आले, आले" म्हणत दार उघडलं आणि बाहेर कोणी नाही म्हणून कुकरवरच रागावले. त्याच दिवशी एक पत्रक लिहिलं. त्यात म्हटलं होतं की झोप ही शोषकांनी गरिबांना लावलेली सवय आहे. माझ्या मते ते अजोड होतं. त्याच्या बारा प्रती काढल्या आणि पहिली बाबांना दिली.

बाबांनी आधी लाल पेननं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. तो त्यांचा नियमच होता; मजकूर शत्रूचा असला तरी शुद्ध असला पाहिजे. मग चष्मा काढला.

"आमच्या आधीची माणसं भांडली ती काय कमी करायले?"

"कामाचे तास."

"अन् तुम्ही दोघी काय कमी करून राहिल्या?"

"झोपेचे," मी म्हणाले.

"भांडण चुकीच्या दारात नेलं तुम्ही पोट्ट्यांनो," ते म्हणाले आणि पत्रकाची घडी घालून परत दिली.

मला भयंकर राग आला. उत्तर द्यायचं म्हणून मी गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीला टेकून मुद्दे जुळवायला बसले आणि तिथेच तेरा तास झोपले. आईनं मध्ये येऊन अंगावर चादर टाकली. उठले तेव्हा दीदी समोर उभी होती.

"गळाली का तू?" एवढंच म्हणाली.

ती गळाली नव्हती. ती हवेत होती. बावीस तास जागं राहणारं माणूस तुम्ही पाहिलेलं नाही म्हणून सांगते: पहिले काही दिवस ते मलूल असतं, मग एकदम चकाकायला लागतं. दीदी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची. मधेच हसायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "एक प्रमेय आठवलं, मोठं गमतीचं आहे." दुकानात एका बाईनं विचारलं, "रंग तर नाही ना जाणार?" दीदी म्हणाली, "रंग शून्याकडे जाईल, पण शून्य होणार नाही." बाईनं ती साडी घेतली. दुसरीनं दोन साड्यांतली चांगली कोणती विचारलं, तर ही शांतपणे म्हणाली, "समजा, पहिली चांगली आहे. आता यातून विसंगती काढू." ती बाई मात्र निघून गेली.

मग लग्न आलं.

तिच्या मावसबहिणीचं लग्न बीरगांवला समाजाच्या हॉलमध्ये होतं. नवरीला सख्खी बहीण नाही म्हणून दीदी करवली. करवलीचं काम ठाऊक असेलच: नवरीच्या मागे पाण्याचा कऱ्हा धरून उभं राहायचं आणि मंगलाष्टकं संपली की त्यातलं पाणी नवरा-नवरीच्या डोळ्यांना लावायचं. काम सोपं. पण मुहूर्त गोरज, सहा वाजून पाच मिनिटांचा.

"सहाची डुलकी पुढे ढकल," मी म्हणाले.

"ढकलली की पुढच्या पाचही ढकलाव्या लागतात. तू आहेस न. मी उभ्यानं झोपते, तू पाहत राहा."

मी तिच्या मागे उभी राहिले. आमच्याकडच्या लग्नात मंगलाष्टकं एकटे गुरुजी म्हणत नाहीत. ज्याला ज्याला यमक जुळवता येतं तो तो कागद घेऊन पुढे येतो आणि दोन्ही घरांची सगळी नावं त्यात बसवतो. एका काकांनी त्यात नवऱ्याच्या बढतीचा उल्लेख केला. एक आत्या तिसऱ्या कडव्यात रडल्या म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या. कूलर खडखडत होते. दीदी कऱ्हा धरून ताठ उभी, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर असा काही भाव की नवऱ्याकडची एक बाई मला म्हणाली, "किती संस्कारी आहे वं पोरगी."

मी घड्याळ पाहत होते. सोळा मिनिटं, सतरा, अठरा. विसाव्या मिनिटाला अक्षता पडल्या, बँड वाजला, अंतरपाट सरकला आणि मी सवयीनं पुढे होऊन तिचा अंगठा ओढला.

दीदीनं डोळे न उघडता दोन बोटं कऱ्ह्यात बुडवली आणि स्वतःच्या पापण्यांना लावली. एकदा नाही, दोनदा. मग उरलेल्या पाण्यानं तोंडावरून हात फिरवला, पदराला पुसला आणि चारशे माणसांसमोर स्वच्छ आवाजात म्हणाली, "चल, पुढचं."

नवरा-नवरी डोळे मिटून, माना पुढे करून पाण्याची वाट पाहत तशीच उभी.

तिची मावशी म्हणाली, "अवं, त्यांच्या डोळ्याले लाव. तुह्या नाही." मागून कोणीतरी म्हणालं, "लावू द्या तिले. तिचं लग्न लागून गेलं, नवरदेवच आला नाही." हसण्याची अशी लाट उठली की बँडवाले थांबले. नवरीही हसली. दीदी सर्वांत जास्त हसली. गर्दीत तिचे वडील होते, पाळी संपवून थेट आलेले. तेवढे एक हसले नाहीत. ते पुढे आले, तिच्या हातातला कऱ्हा काढून घेतला आणि तिच्या डोळ्यांकडे पाहत राहिले.

"कधीपासून नाही झोपली?" त्यांनी विचारलं.

"बाबा, मी रोज सहा वेळा झोपते."

"मी तीस वर्षं हेच सांगून राहिलो तुह्या आईले," ते म्हणाले.

घरी आल्यावर तिनं मला वर बोलावलं आणि दीड महिन्याची वही पुढे ठेवली. "मले जरा तपासून दे," म्हणाली. मला गणितातलं ओ की ठो कळत नाही. पण जे दिसत होतं त्याला गणित लागत नव्हतं. एका पानावर एक प्रमेय, सुरेख अक्षरात, शेवटपर्यंत सोडवलेलं. दोन पानं उलटली, तेच प्रमेय. आणखी तीन पानं, पुन्हा तेच. अक्षर तेच, खाली मारलेली दुहेरी रेघ तीच. एकूण सात वेळा. दर वेळी तिनं ते पहिल्यांदाच सोडवलं होतं.

"यातलं एकही मले आठवत नाही," ती म्हणाली. "बावीस तास जागली, अन् पोचली कुठं? त्याच पानावर."

परीक्षेला अठरा दिवस होते.

आता सांगते, मला त्या वेळी काय समजलं. अकरा ते आठ हे नऊ तास कोणी तिच्याकडून मागून घेतले नव्हते, उचलले होते. त्या तासांकडे बोट दाखवायची तिची छाती नव्हती. दाखवलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून तिनं ज्याच्याकडून काढून घेता येईल त्याच्याकडून घेतलं, आणि असं कोणी तिच्याजवळ एकच होतं: ती स्वतः. हुशार माणसं आपल्या शरीराला लुबाडतात आणि आपण त्याला जिद्द म्हणतो. टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या होत्या, बारा प्रती काढून.

मी नवीन पत्रक लिहिलं. या खेपेला दार बरोबर होतं. शिकणाऱ्या कामगार स्त्रियांना परीक्षेपूर्वी दररोज तीन तासांची सवलत मिळालीच पाहिजे, अशी मागणी. दोन्ही बाजूंनी मजकूर. घेऊन थेट पंडरीला गेले. दुकानाच्या शेठजींनी ते शांतपणे पाहिलं, "बेटी, लिखा अच्छा है," म्हणाले आणि लग्नसराईत सुट्टी जमणार नाही असंही तितक्याच गोडपणे म्हणाले.

मग काउंटरवरच्या तीन बायकांना एकेक प्रत दिली. त्यांतली वयानं मोठी जी होती तिला सगळे चाची म्हणत. तिनं कागद उलटासुलटा केला. अक्षरं ओळखीची, भाषा मराठी, त्यात माझी वाक्यं चार-चार ओळींची.

"इसमें क्या लिखा है? मुंह से बता."

मी तोंडी सांगायला लागले. शोषण या शब्दापाशी तिनं हात वर केला. "वो सब ठीक है. लड़की को क्या चाहिए?"

"पढ़ने के लिए रोज तीन घंटे. पंद्रह दिन."

"तो इतना ही लिखना था न." तिनं दुसऱ्या दोघींकडे पाहिलं. "पाँच से छह मैं, छह से सात तू, सात से आठ तू."

"हव," दोघी म्हणाल्या. एकीच्या हातात तेव्हा उघडलेली साडी होती. तिनं ती घडी करेपर्यंत सगळं ठरून गेलं होतं.

चाची शेठजींकडे गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. परत आली आणि म्हणाली, "बोले, मैंने कुछ देखा नहीं."

दुसऱ्या दिवसापासून दीदी पाचला निघायची. पहिल्या दिवशी घरी येऊन ती झोपली आणि सलग चौदा तास झोपली. सहाला उठली नाही, दहाला नाही, दोनला नाही. सकाळी खाली येऊन आईला दबकत विचारलं, "काकू, कोणता वार आहे?" त्यानंतर संध्याकाळी पाच तास अभ्यास, रात्री सात तास झोप. ती चकाकायची थांबली. जिना एकेका पायरीनं चढायला लागली. आणि वहीत एकच प्रमेय दोनदा आलं नाही.

पेपरच्या दिवशी तिघींपैकी एकीलाही येता आलं नाही. त्या काउंटरवर होत्या. मी गेटपर्यंत गेले. दीदी आत जाताना म्हणाली, "सुटला तर तो चौघींचा. गेला तर माह्या एकटीचा." मी म्हणाले, असं विभाजन मला मान्य नाही. ती म्हणाली, "आता नको वं भाषण देऊ," आणि गेली.

सुटला. पास व्हायला लागतात त्याहून तीन गुण वर. पंडरीत जाऊन तिनं सांगितलं तेव्हा चाचीनं विचारलं, "तीन?" आणि तिघींनी एकमेकींकडे असं पाहिलं, की जणू एकेक गुण वाटूनच घेतला.

आता ती बीरगांवच्या एका शाळेत गणित शिकवते. विक्षिप्तपणा गेलेला नाही, फक्त दिशा बदलली आहे. रात्री दहा वाजले की ती झोपते, समोर कोणीही बसलेलं असो. "तुम्ही बोलत राहा, जाताना दार ओढून घ्या," म्हणते आणि खरोखर झोपते. आमच्या घरी जेवायला आली असतानाही तिनं हे केलं आहे, आमच्याच दिवाणावर. बाबा तिला उठवू देत नाहीत.

या वर्षी चाचीची सून बारावीला बसते आहे. लग्नामुळे सुटलेली शाळा, दोन लहान मुलं. दीदी रोज शाळेतून परस्पर त्यांच्याकडे जाते, एक तास भात-भाजी करते, मुलांना खाली घेऊन जाते. सून तेवढ्यात पुस्तक उघडते. दीदी तिला शिकवत नाही. शिकवणारे पुष्कळ मिळतात, असं ती म्हणते.

म्हणून हे वाचणाऱ्याला माझं एक मागणं आहे, आणि ते या खेपेला मी थोडक्यात लिहिते आहे. तुमच्या घरात, दुकानात, कचेरीत, शेजारी कोणीतरी काम करता करता शिकते आहे. तिला पहाटे उठायचा सल्ला देऊ नका. कमी झोपून पुढे गेलेल्यांच्या गोष्टी सांगू नका. आज संध्याकाळी तिच्याकडे जा आणि विचारा, परीक्षेपर्यंत तुझा रोजचा कोणता तास मी घेऊ. ती नको म्हणेल. तुम्ही तिच्या हातातलं काम घ्या आणि करायला लागा.